दुसऱ्या वर्षापर्यंत 71 टक्के आहेत, चौथ्या वर्षी रिसर्च ऑनर्स मिळेल का?

मिळू शकेल, पण गणित आजच मांडा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार रिसर्च ऑनर्सला, म्हणजे चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करून मिळणाऱ्या पदवीला, पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून किमान 75 टक्के लागतात. तुमची चार सेमिस्टरची सरासरी 71 आहे. सेमिस्टरचे क्रेडिट, म्हणजे सरासरीतलं वजन, सारखे धरले, तर उरलेल्या दोन्हींत सरासरी 83 हवेत. अवघड आहे, पण अशी उडी मारलेली मुलं मी पाहिली आहेत.

मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकवते. अभ्यासू मुलांचे गुण लेखी पेपरात फारसे जात नाहीत, ते जातात जर्नल, सबमिशन आणि तोंडीत. आमच्याकडे एका मुलीने हर्बेरियम, म्हणजे कागदावर लावलेल्या वाळवलेल्या रोपांचा संग्रह, आणलं. तेरड्याची शीट उघडली तर पाकळ्यांवर पांढरी बुरशी! दाबून ठेवलेल्या रोपाचे कागद सुरुवातीला रोज बदलावे लागतात, आणि तिने आठवडाभर ते उघडूनच पाहिलं नव्हतं. कुळ, लक्षणं, सगळं तिने घडाघडा सांगितलं, तरी शीटचे गुण मला कापावेच लागले. पुन्हा करायला सांगावं तर पावसाळा सरलेला, तेरडा वाळून गेलेला. मला अजून त्याची रुखरुख आहे. म्हणून सांगते, पाचव्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यापासून सबमिशनच्या तारखा वहीत लिहून ठेवा. जास्त क्रेडिटच्या विषयांना जास्त वेळ द्या, कारण सरासरीत त्यांचंच वजन जास्त असतं.

75 हुकले तरी चौथं वर्ष करता येतं. तेव्हा 12 क्रेडिटच्या संशोधन प्रकल्पाऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे विषय घ्यायचे आणि नुसती ऑनर्स पदवी मिळवायची. तीन वर्षांनी साधी पदवी घेऊन बाहेर पडलात, तरी त्यात काही कमीपणा नाही. घरची ओढाताण असेल तर तो निर्णय मला शहाणपणाचाच वाटतो.

संशोधनाची खरी आवड असेल तर मात्र नेट लावून प्रयत्न करा. चार वर्षांच्या पदवीला एकूण 75 टक्के असले की एम.एस्सी. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरता येतं, राखीव प्रवर्गांना त्यात 5 टक्के सवलतही देता येते. आणि एम.एस्सी. करायचीच असेल, तर ती एका वर्षाची.

एक चौकशी मात्र याच आठवड्यात करा: तुमच्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत का? नसतील तर रिसर्च ऑनर्ससाठी दुसरं कॉलेज शोधावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो.