भरपाई मागणाऱ्याच्या बाजूने कायदा वाच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा शोधनिबंधाचा आराखडा वाचला. अणुभट्टीत अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची, हा विषय तू निवडलास याचा मनापासून आनंद झाला. लॉ कॉलेज रोडवरच्या हुशार मुलांचा ओढा हल्ली कंपन्यांच्या कामाकडे असतो. त्यात गैर काही नाही, पण या विषयालाही माणसं हवीत.

माझं म्हणणं एकच आहे. तुझा सगळा आराखडा पुरवठादाराभोवती फिरतो. अणु अपघाताच्या भरपाईसाठीच्या २०१० च्या कायद्यातलं कलम १७ (भट्टी चालवणाऱ्या कंपनीला पुरवठादाराकडून वसुलीचा हक्क देणारं), त्याला परदेशी कंपन्यांचा विरोध, आणि त्या कायद्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ या नव्या अणुऊर्जा कायद्यात सदोष मालाबद्दल पुरवठादाराकडून वसुली करण्याची तरतूद कशी गळली, हे सगळं त्यात आहे. ते लिहायलाच हवं. करारात लिहिलं असेल किंवा पुरवठादाराने मुद्दाम नुकसान केलं असेल तरच त्याच्याकडे वसुली मागता येईल, हे मलाही पटत नाही. तुला पटत नसेल तर तसं स्पष्ट लिही. पण हा वाद भट्टी चालवणारी कंपनी आणि भट्टी विकणारी कंपनी यांच्यातला आहे. ज्याची जमीन गेली, ज्याच्या घरात आजार शिरला, तो त्या वादात कुठेच नसतो.

म्हणून सुरुवात त्याच्यापासून कर. जैतापूरजवळ माडबनला फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या योजलेल्या आहेत, एकूण ९,९०० मेगावॉटच्या. शेजारी साखरी नाटे हे मच्छीमारांचं मोठं गाव आहे. तिथला एक खलाशी डोळ्यांसमोर आण आणि त्याला हातात २०१० चा कायदा घेऊन चालायला लाव.

पहिली गोष्ट त्याच्या बाजूची आहे: कंपनीची चूक सिद्ध करायची गरज नाही. पण दावा ऐकणारा आयुक्त दावे मागवतो ते अणुऊर्जा नियामक मंडळाने घटना अधिसूचित, म्हणजे अधिकृतपणे जाहीर, केल्यावर. मंडळाला त्यासाठी १५ दिवस आहेत, आणि धोका नगण्य वाटला तर अधिसूचना न काढण्याची मुभाही आहे. दिवाणी न्यायालयाचा रस्ता कायद्याने बंद केलेला. म्हणजे पहिल्याच दाराची किल्ली खलाशाकडे नाही. आमच्या पिढीने या कायद्यावर पुष्कळ भाषणं केली, त्यात या कलमाचा उल्लेख क्वचित ऐकला.

दार उघडलं असं धरू. आता त्याला नुकसान किती झालं ते सांगायचं आहे. मोटार अपघाताचे दावे चालवताना मी हयातभर हेच पाहत आलो. मार्केट यार्डातला नोंदणीकृत हमाल अपघातात गेला तर त्याची कमाई दाखवायला फारसा त्रास पडत नाही. त्याची मजुरी माथाडी मंडळात नोंदलेली असते, १९६९ च्या कायद्याची ती कृपा. त्याच यार्डाबाहेर हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईकडे असा कागद नसतो. मग उत्पन्न अंदाजाने धरलं जातं, आणि तो अंदाज खऱ्या कमाईच्या खालीच राहतो. कोकणातल्या अनेक नौकांवर पगार नसतो, वाटा असतो. डिझेल, बर्फ, रेशन वजा जाऊन उरलेल्यात मालक, तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशी यांचे वाटे पडतात. हिशेब मालकाच्या वहीत, खलाशाच्या हाती चिठ्ठीसुद्धा नाही. त्यातले बरेचजण नेपाळहून आलेले. सांग, यांचा दावा कोण भरणार आणि कशाच्या आधारावर?

आंब्याचं आणखी अवघड आहे. समज, भट्टीपासून लांबच्या बागेतला हापूस मोजून पाहिला, अगदी स्वच्छ निघाला, पण एप्रिलमध्ये पुण्याच्या बाजारात पेटीला कोणी हात लावेना. हे नुकसान किरणांनी नाही, भीतीने झालं. जपानमध्ये फुकुशिमानंतर ऑगस्ट २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा बदनामीमुळे झालेल्या नुकसानीला भरपाईत जागा दिली गेली. आपल्या २०१० च्या व्याख्येत पर्यावरणाला लक्षणीय हानी पोहोचल्यामुळे बुडालेलं उत्पन्न आहे, पण हा बागायतदार त्यात बसतो का? माझ्या मते बसवायला हवा. यावर तू एक पूर्ण प्रकरण लिहिलंस तरी कमी पडेल.

मग काळ. मालमत्तेच्या दाव्याला १० वर्षं आणि शारीरिक इजेला २०, अशी २०१० ची मुदत. चेर्नोबिलनंतर मुलांमधला थायरॉइडचा कर्करोग चार-पाच वर्षांत वाढताना दिसला, तो या मुदतीत बसेल. पण हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये कर्करोगाचा वाढीव धोका अनेक दशकं टिकलेला आढळला. पंचविसाव्या वर्षी निदान झालेल्या माणसाला आपण काय सांगणार?

भरपाईच्या मर्यादेबद्दल तू लिहिलंस ते ठीक आहे. २०१० च्या कायद्यात चालकावर, म्हणजे भट्टी चालवणाऱ्या कंपनीवर, १५०० कोटी रुपये, आणि एकूण मर्यादा ३० कोटी एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). नव्या कायद्यात भट्टीच्या आकारानुसार टप्पे, सर्वांत वरचा ३००० कोटींचा. शेजारी फक्त एक आकडा ठेव: फुकुशिमात दिली गेलेली भरपाई १० लाख कोटी येनच्या पुढे गेली आहे. जपानी कायद्यात चालकाच्या जबाबदारीला मर्यादाच नाही. वाचणाऱ्याला बाकी समजावून सांगावं लागणार नाही.

भोपाळ मात्र नीट वाच. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, तेव्हा मृत सुमारे ३,००० धरले होते. पुढे साडेपाच लाखांहून अधिक लोकांना पीडित म्हणून भरपाई मंजूर झाली. रक्कम आधी ठरली, माणसं नंतर मोजली गेली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाढीव रकमेसाठीची केंद्राची याचिका फेटाळली. त्याच न्यायालयाने दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात निरपवाद जबाबदारीचं तत्त्व मांडलं होतं: धोकादायक उद्योगाला कसलीही सबब नाही आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. २०१० च्या कायद्याने मात्र असाधारण नैसर्गिक आपत्तीची सवलत ठेवली. हे दोन्ही एकत्र कसे नांदतात, यावर तुझं स्वतःचं मत हवं. माझं मत त्या जुन्या निकालाच्या बाजूचं आहे, पण ते उचलू नकोस, वाद घाल.

आता कामाचं. ‘शांती’ कायदा आणि २०१० चा कायदा शेजारी ठेवून अधिसूचना, मुदत, नुकसानीची व्याख्या आणि अपवाद एवढंच कलमाला कलम लावून तपास. बातम्यांवर विसंबू नकोस, राजपत्र वाच. दिवाळीच्या सुट्टीत राजापूरला जा. मच्छीमार सोसायटीकडे लिलावाच्या पावत्या कशा ठेवतात, किती वर्षांच्या सापडतात ते पाहा. नौकामालकाने परवानगी दिली तर त्याच्या वहीचं एक पान उतरवून आण, नावं गाळून. बागायतदाराकडे दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, असतात, त्याही माग.

हे हाती आलं की पहिलं प्रकरण खलाशाच्या दाव्याचं लिही आणि मला दाखव. शनिवारी दुपारी मी ऑफिसात असतो. पुरवठादाराचं प्रकरण चौथं किंवा पाचवं येऊ दे.

तुझा,
सर