वाचकांचे प्रश्न : शेतातील नैसर्गिक भांडवल आणि त्याचा परतावा

प्रश्न : माझ्या मालकीची शेतजमीन आहे. एका गुंतवणूक सल्लागाराचे म्हणणे असे, की मातीतील सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या अवशेषांतील कार्बन), बांधावरची झाडे आणि परागीभवन करणारे कीटक हे नैसर्गिक भांडवल असल्यामुळे त्यावर होणारा पैसा हा खर्च न मानता गुंतवणूक मानावी, कारण रोख्यांप्रमाणेच त्यातूनही परतावा मिळतो. जमिनीच्या किमतीत हे सर्व आलेलेच नसते का? आणि ते वेगळे मोजून माझ्या हाती काय पडेल?

उत्तर : जमिनीच्या किमतीत ते फारच थोडे उतरते. किंमत ठरते ती जागा, रस्ता, पाण्याची सोय आणि पुढेमागे बिगरशेती वापर होण्याची शक्यता यांवरून. वरचा सुपीक थर वाहून गेलेली जमीन आणि तिच्याशेजारची सकस जमीन एकाच भावाने विकली जाऊ शकते. हिशेबाच्या नियमांतही ही त्रुटी आहे. शेतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार (आयएएस ४१) जनावरे व उभी पिके मालमत्ता म्हणून वाजवी मूल्याने दाखवली जातात, जमिनीसाठी दुसरे मानक लागते, पण मातीतील कर्ब किंवा शेतात येणाऱ्या मधमाश्या यांना ताळेबंदात स्वतंत्र रकाना नाही. राष्ट्रीय पातळीवर मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये परिसंस्थांच्या लेखांकनाची चौकट स्वीकारली असून तिच्यात परिसंस्थेचा विस्तार, तिची अवस्था आणि तिच्याकडून मिळणाऱ्या सेवा यांची नोंद करता येते. सल्लागाराची कल्पना मुळात चुकीची नाही. तिला रोख्यांशी नेऊन जोडले, तिथे घोटाळा आहे. रोख्यावरील व्याज रोखेधारकालाच मिळते, तर बांधामुळे थांबलेल्या गाळाचा फायदा खालच्या धरणाला होतो आणि धरणाकडून आपल्याला काही येत नाही.

आता कर्बाचे गणित पाहू, कारण विक्रीची भाषा बहुतेक त्याच्याच भोवती चालते. एक हेक्टर जमिनीचा वरचा ३० सेंटीमीटरचा थर घेतला आणि मातीची घनता घनमीटरला १.३ टन धरली, तर माती भरते ३,९०० टन. तिच्यातील कर्बाचे प्रमाण ०.५ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर गेले, तर वाढ होते ३.९ टनांची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या मापात साधारण १४ टनांची. एवढी वाढ व्हायला पाच वर्षे लागली, तर विकण्याजोगे कार्बन क्रेडिट (साठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टनांमागे मिळणारे, विकता येणारे प्रमाणपत्र) वर्षाला हेक्टरी तीन टनांहूनही कमी. शिवाय एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतील कर्बात याहून अधिक फरक सहज आढळतो, त्यामुळे खरी वाढ सिद्ध करण्यासाठी बरेच नमुने तपासावे लागतात आणि लहान क्षेत्राचे उत्पन्न त्या तपासणीतच संपते. म्हणून असे प्रकल्प पुष्कळ शेते एकत्र करून चालवले जातात. त्यातही साठवलेला कर्ब कायम राहीलच असे नाही. नांगरणीची पद्धत बदलली तरी तो काही हंगामांत हवेत परत जाऊ लागतो. खरेदीदार दीर्घ मुदतीची हमी मागतो तो याच कारणाने.

पाण्याबाबतही जाहिरातीतील आकडे जपून वाचावेत. कर्ब पूर्ण एक टक्क्याने वाढला, तरी ३० सेंटीमीटरच्या थरात पिकाला उपलब्ध होणारे पाणी सरासरी तीन-चार मिलिमीटरनेच वाढते. खरा लाभ वेगळाच आहे : मातीची घडण सुधारते, पाऊस वाहून न जाता मुरतो, पोषणद्रव्ये टिकून राहतात आणि वाईट वर्षातील घट कमी होते. हा परतावा बाजारात विकता येत नाही, पण तो आपल्याच शेतात राहतो, आणि माझ्या मते गुंतवणुकीचा निर्णय त्याच्यावरच बेतावा. क्रेडिटचे पैसे आले तर ते वरकड समजावेत.

विक्रीयोग्य मालमत्ता प्रत्यक्षात उभी राहते ती बहुधा कायद्याने मागणी निर्माण केल्यावर. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक मोठ्या बांधकामांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ दाखवणे बंधनकारक झाले. ती जागेवर शक्य नसेल, तर बांधकाम करणारा दुसऱ्या जमीनमालकाकडून तेवढ्या वाढीची एकके (जैवविविधता मोजण्याची मापे) विकत घेतो आणि त्या मालकाला तो अधिवास किमान ३० वर्षे सांभाळावा लागतो. याउलट न्यूयॉर्क शेअर बाजाराने निसर्गसंपदेवर आधारित कंपन्यांच्या नोंदणीचा प्रस्ताव मांडला होता, तो विरोधानंतर जानेवारी २०२४ मध्ये मागे घेतला.

मग वेगळे मोजायचे कशासाठी? घसाऱ्यासाठी, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारे मूल्य हिशेबात धरण्यासाठी. ट्रॅक्टरचा घसारा आपण न विसरता लावतो, मातीचा कधीच लावत नाही. त्यामुळे धूप होत असलेल्या शेताचा नफा फुगलेला दिसतो, प्रत्यक्षात त्यात मुद्दलाचा काही भाग मिसळलेला असतो. ब्रिटिश सरकारसाठी अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी २०२१ मध्ये केलेल्या आढाव्यानुसार १९९२ ते २०१४ या काळात जगातील दरडोई उत्पादित भांडवल (रस्ते, इमारती, यंत्रे) दुप्पट झाले आणि दरडोई नैसर्गिक भांडवल सुमारे ४० टक्क्यांनी घटले. आपल्या शेताचा कल कोणत्या बाजूला आहे, हे कळण्यासाठी मातीचा कर्ब, पाणी मुरण्याचा वेग आणि झाडोऱ्याखालचे क्षेत्र एवढ्या नोंदी ठेवल्या तरी पुरे.

प्रश्न : मी भाडेपट्ट्याने जमीन कसतो. माती मी सुधारली, तर तिचे मूल्य कोणाचे?

उत्तर : करारात काही लिहिलेले नसेल, तर व्यवहारात ते मालकाकडे जाते आणि म्हणूनच अल्प मुदतीचा कसणारा मातीवर खर्च करायला कचरतो. यावर जुना तोडगा आहे. इंग्लंड व वेल्समधील १९८६ च्या शेतजमीन कायद्यात कुळाने जमीन सोडताना त्याने घातलेल्या खताच्या आणि चुन्याच्या शिल्लक मूल्याची भरपाई देण्याची तरतूद आहे. आपणही पट्ट्याच्या आरंभी व शेवटी, त्याच जागांवरून, त्याच खोलीवरून आणि त्याच हंगामात घेतलेल्या नमुन्यांचा अहवाल कराराला जोडावा, वाढीचा मोबदला कसा ठरेल ते आधीच लिहून घ्यावे आणि कार्बन क्रेडिटवर हक्क कोणाचा, हमी मोडल्यास भरपाई कोणाची, ही दोन कलमे सही करण्यापूर्वी वकिलाकडून तपासून घ्यावीत.