नाट्यगृहाची दुरुस्ती रखडलीय? माहितीचा पहिला अर्ज असा करा

नगरपरिषदेच्या नाट्यगृहाला वर्षानुवर्षं कुलूप असेल, तर निवेदनाच्या आधी माहिती अधिकाराचा अर्ज करा. हातात कागद असले की नगराध्यक्षांशी बोलणं सोपं जातं.

‘दुरुस्ती का रखडली?’ असं मात्र विचारू नका. कायद्याने मिळतं ते नोंदीत असलेलं. कारणमीमांसा मागितलीत तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती’ म्हणून अर्ज परत येतो. कागदांची नावं घ्या: मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अदा केलेली देयकं, मुदतवाढीचे आदेश. सोबत कामाचं नाव आणि आर्थिक वर्ष हवंच. यात मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही, सगळ्यात महत्त्वाची. देयकात लिहिलेलं छताचं काम नोंदीत किती चौरस मीटर आहे, ते तिथे दिसतं. मग छत स्वतः जाऊन बघा.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांत. नाट्यगृह आणि गटार एकत्र नको. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आवक विभागातून आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय हलू नका. उत्तरासाठीची 30 दिवसांची मुदत त्यावरूनच सिद्ध करता येते. उत्तर आलंच नाही, तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा. मुदत उलटल्यावर प्रती मोफत मिळायला हव्यात, कलम 7(6). अपिलात तसं स्पष्ट लिहा.

अर्जावर राग काढू नका. आवक खिडकीवरच्या लिपिकाशी पुढेही गाठ आहे, आणि फाइल कुठल्या टेबलावर आहे हे बहुधा त्यालाच ठाऊक असतं.