माउस चालू ठेवा, क्लिपबोर्ड वेगळाच राहू द्या

प्रश्न : आमच्या टीमसाठी विम या टर्मिनलमधल्या टेक्स्ट एडिटरची एकच सामाईक सेटिंग फाइल करायचं काम माझ्याकडे आलंय. काही जण म्हणतात माउस बंद कर, कारण सर्व्हरवर ड्रॅग करून कॉपी होत नाही. काहींना 'वाय' (विमची कॉपीची कळ) दाबताच मजकूर थेट सिस्टिमच्या क्लिपबोर्डवर हवाय. डिफॉल्ट काय ठेवू?

उत्तर : माउस चालू असला की तुमचं ड्रॅग विम स्वतःकडे घेतं आणि व्हिज्युअल मोडमध्ये, म्हणजे स्वतःच्या निवडीच्या मोडमध्ये, जातं. ज्या खिडकीत विम चालतं त्या टर्मिनलच्या लेखी काही निवडलेलंच नसतं, मग कॉपी कशाची होणार? २०१६ साली आलेल्या विम ८ पासून ज्याची स्वतःची व्हीआयएमआरसी (विमची सेटिंग फाइल) नाही, त्याला डिफॉल्ट्सची फाइल लागू होते आणि ती माउस चालू करते. ती सगळ्या युजरसाठी असलेल्या सिस्टिमच्या व्हीआयएमआरसीनंतर वाचली जाते. तुमची फाइल तिथे ठेवणार असाल, तर तीत 'स्किप_डिफॉल्ट्स_विम' १ करा, नाहीतर तुमची माउसची सेटिंग पुसली जाईल.

तरीही माउस बंद करू नका. बंद करून दोन फाइली शेजारी-शेजारी उघडा आणि डावीकडच्या चार ओळी ओढून कॉपी करा. ओळींचे आकडे, मधली उभी रेघ, उजवीकडच्या फाइलचा मजकूर, सगळं सोबत येतं. टर्मिनलची निवड हवीच असेल तेव्हा शिफ्ट दाबून ड्रॅग करायचं. मॅकवरच्या आयटर्म२ या टर्मिनलमध्ये ऑप्शन. शिवाय माउसची सेटिंग 'ए' (सगळे मोड) ऐवजी 'एनव्हीआय' (नॉर्मल, व्हिज्युअल, इन्सर्ट मोड) ठेवा. त्यात कमांड लाइन वगळलेली आहे, त्यामुळे नुसतं कोलन दाबलं तरी माउस टर्मिनलकडे जातो. विमपासून निघालेल्या निओविमनेही ०.८ पासून हेच डिफॉल्ट धरलंय.

क्लिपबोर्डच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे : 'अननेम्डप्लस' (विममधलं प्रत्येक कॉपी-डिलीट सिस्टिमच्या क्लिपबोर्डवर नेणारी सेटिंग) सगळ्यांच्या माथी मारू नका. विममध्ये डिलीट म्हणजे कटच. मी एकदा ब्राउझरमधून लांबलचक टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) कॉपी केलं, पान बंद केलं, फाइलमधली जुनी ओळ 'डीडी'ने उडवली आणि पेस्टसाठी 'पी' दाबलं. जुनीच ओळ परत आली! टोकन एकदाच दाखवलं जाणारं होतं, ते गेलं. नवं काढून सगळीकडे बदलावं लागलं. माउसची चूक लगेच डोळ्यांना दिसते. क्लिपबोर्डवरचं पुसलं गेलेलं पेस्ट करेपर्यंत कळतही नाही.

त्यापेक्षा लीडर-वाय आणि लीडर-पी या जोड्या (लीडर म्हणजे स्वतःच्या शॉर्टकटआधी दाबायची कळ) प्लस रजिस्टरला, म्हणजे विममधल्या सिस्टिमच्या क्लिपबोर्डच्या कप्प्याला, बांधून द्या. बाहेर न्यायचं किंवा बाहेरून आणायचं तेव्हा एक कळ जास्त, बाकी डिलीट विमच्या आतच राहील. आधी विमच्या व्हर्जनच्या माहितीत 'क्लिपबोर्ड' शब्दाच्या डावीकडे अधिक आहे की उणे ते बघा. उणे असेल तर प्लस रजिस्टर चालणार नाही. डेबियनवर त्यासाठी विम-जीटीके३ हे पॅकेज घ्या.

एसएसएचवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करताना, आणखी एक पेच आहे. तिथलं विम सर्व्हरवर चालतं, क्लिपबोर्ड तुमच्या मशीनवर. त्यावर ओएससी ५२ हा उपाय : मजकूर बेस६४ (साध्या अक्षरांतलं एन्कोडिंग) करून टर्मिनलला पाठवायचा, टर्मिनल तो आपल्या क्लिपबोर्डवर ठेवतं. निओविम ०.१० मध्ये ही सोय आतच आहे, जुन्या विमला प्लगिन लागतं. मध्ये टीमक्स (एकाच टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याचं 'सेट-क्लिपबोर्ड' 'ऑन' करा. डिफॉल्ट 'एक्स्टर्नल' असतं, आणि त्यात आतल्या एडिटरने पाठवलेला मजकूर टीमक्स पुढे जाऊच देत नाही.