पुरात वैद्यकीय मदतीला पहिल्यांदाच निघालायस? हे वाच

निघण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन कर. नाहीतर एकाच गावात चार पथकं आणि शेजारच्या वाडीत कुणीच नाही, असं होतं.

नवखे खोक्यात सलाईनच कोंबतात. १९९३ला किल्लारीच्या भूकंपात मीही तेच केलं होतं. पुरात लागतं ते ओआरएस, चिखल्यांचं मलम, धनुर्वाताची लस आणि मुख्य म्हणजे बीपी-शुगरच्या गोळ्या. म्हाताऱ्यांच्या गोळ्या पाण्यात गेलेल्या असतात, पण स्वतःहून कुणी सांगत नाही. विचारलंस की मग ओल्या पिशवीतून लगदा झालेली चिठ्ठी काढतात, "ती बारकी पांढरी गोळी बघा."

- ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात. ग्लासात चिमूटभर नको.
- चिखलात वावरलेल्याला ताप आला, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) शंका धरून लगेच डॉक्टरांना दाखव.

आपली भाकरी-पाणी आपणच न्यायची. फोटो नंतर.