डबल बाससाठी अ‍ॅम्प घेताना वॉट शेवटी पाहा

तुमचा प्रश्न असा आहे: बँडमध्ये ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड आणि गायिका आहेत, तुमच्या डबल बासच्या घोडीच्या फटीत पीझो पिकअप (कंपनाचा विजेचा संकेत करणारा तुकडा) बसवलेला आहे. मग बास गिटारचा अ‍ॅम्प चालेल का, आणि किती वॉटचा घ्यावा?

चालू शकतो. पण वॉट शेवटी पाहा. मी नेमकं उलट केलं होतं. परवडेल तेवढा ताकदवान अ‍ॅम्प आणला आणि पहिल्याच तालमीत बास पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. आवाज जरा वाढवला की अख्खं वाद्य आपसूक घुमायला लागायचं. हाताशी असलेल्या वॉटपैकी निम्मेसुद्धा वापरता आले नाहीत.

पत्र्यासारखा आवाज येतो तो इनपुट इम्पीडन्समुळे, म्हणजे इनपुट विजेच्या संकेताला जो अडथळा करतं त्यामुळे. तो ओहममध्ये मोजतात. पीझो पिकअप विजेच्या दृष्टीने एक लहानसा कपॅसिटर असतो. अ‍ॅम्पच्या इनपुटला जोडला की दोघांचा मिळून खर्ज कापणारा फिल्टर तयार होतो. पिकअपची कपॅसिटन्स १ नॅनोफॅरड धरा. इनपुट १ मेगाओहमचं असेल तर साधारण १६० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. डबल बासच्या मोकळ्या तारा आहेत ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या, म्हणजे चारही तारांचा मूळ सूर त्या उतारावरच येतो. तेच इनपुट १० मेगाओहमचं असेल तर उतार १६ हर्ट्झपाशी जातो आणि खर्ज शाबूत राहतो. म्हणून अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात पहिल्यांदा हा आकडा शोधा. बास गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये तो बहुधा १ मेगाओहम किंवा त्याहून कमी असतो. तसं असलं तरी अ‍ॅम्प बाद करू नका, मध्ये पीझोसाठी बनवलेला, जास्त मेगाओहमच्या इनपुटचा प्रीअ‍ॅम्प लावा. काही पिकअपमध्ये तो आधीच असतो, ते तपासून घ्या.

दुसरा प्रश्न घुमण्याचा, आणि बँडमध्ये खरी लढाई हीच असते. बास गिटार भरीव लाकडाची असते, तुमचं वाद्य मात्र पोकळ आहे. स्पीकरचा आवाज तबलीला (वाद्याच्या पुढच्या फळीला) हलवतो, पिकअप ते कंपन पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवतो, आणि फेरा सुरू होतो. त्यावर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो बदलता येणारा हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा. ड्रमसोबत वाजवताना मी तो ७०-८० हर्ट्झपर्यंत वर नेते. खालच्या तारेचा सूर हरवेल अशी भीती वाटते, पण तसं होत नाही, कारण कान वरच्या स्वरांशांवरून मूळ सूर ओळखतो. उलट बास अधिक स्पष्ट ऐकू येतो. जोडीला फेज उलटवणारं, म्हणजे ध्वनिलहर उलटी करणारं बटण हवं. मात्र ते कुठल्या बाजूला ठेवायचं हे तुम्ही स्पीकरपासून किती अंतरावर उभे आहात त्यावर ठरतं, त्यामुळे प्रत्येक जागी दोन्हीकडे करून पाहा. एखादाच सूर पेटत असेल तर फक्त तेवढाच सूर कापणारा नॉच फिल्टर लावा.

ही अडचण जुनीच आहे. 'अँपेग' हे नाव मुळात 'अ‍ॅम्प्लिफाइड पेग'चं लघुरूप. १९४०च्या दशकात एव्हरेट हल या बासवादकाने वाद्य ज्या खुंटीवर उभं राहतं त्या खुंटीतून आत मायक्रोफोन बसवला होता. म्हणजे ती कंपनी डबल बास ऐकू यावा म्हणूनच सुरू झाली.

आता वॉट. ते दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. त्यामुळे २०० की ३०० यावर झोप उडवू नका, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा, म्हणजे ठरावीक वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो ते. ती ३ डेसिबलने जास्त असली की तेवढंच काम निम्म्या वॉटमध्ये होतं. शिवाय छापलेले वॉट बऱ्याचदा ४ ओहमवरचे असतात आणि एकट्या ८ ओहमच्या स्पीकरवर त्याहून बरेच कमी मिळतात. तुमच्या बँडसाठी चांगल्या स्पीकरसोबत २०० ते ३०० वॉट मला पुरेसे वाटतात. मोठ्या मंचावर श्रोत्यांसाठीचा आवाज डीआय आउटमधून (थेट मंचाच्या ध्वनियंत्रणेला जोडायच्या जागेतून) जाईलच.

मायक्रोफोन जोडायचा विचार असेल तर दोन चॅनलचा आणि फँटम पॉवर (मायक्रोफोनला त्याच्या केबलमधूनच वीज) देणारा अ‍ॅम्प घ्या. इतक्या मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये मी मंचावरच्या अ‍ॅम्पमध्ये पिकअपच ठेवते. मायक्रोफोन शांत गाण्यांसाठी.

विकत घेण्याआधी स्वतःचा बास सोबत न्या, दुसऱ्याच्या वाद्यावरून काही कळत नाही. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, तबली स्पीकरसमोर येणार नाही असे बाजूला उभे राहा आणि तालमीत लागतो तेवढा आवाज करा. मग तारा हाताने दाबून गप्प न करता तसेच थांबा. वाद्य शांत राहिलं तर मोकळी ए आणि जी तार वाजवून पाहा, आणि शेवटी गज फिरवा. पीझोवर गजाचा आवाज कर्कश येतो, तो मधल्या आणि वरच्या पट्टीच्या नॉबने कितपत मऊ होतो हे तिथेच कळेल.