पहिल्या बाळासाठी पुस्तकं वाचलीच पाहिजेत का?

"मॅडम, आठवा लागला, आणि माझं एकही पुस्तक पूर्ण झालेलं नाही. बाळाचं मला जमेल ना?" पहिलटकरणींकडून हा घोर मी नेहमी ऐकते.

माधवी (नाव बदललं आहे) नाशिकला बँकेत नोकरी करते. तिनं तीन जाडजूड पुस्तकं टेबलावर ठेवली. एकात लिहिलेलं, बाळ मागेल तेव्हा पाजा. दुसऱ्यात, घड्याळ लावून दर तीन तासांनी. वाचेल तितकी तिची झोप उडत होती.

पुस्तकांत तिनं रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सगळ्यात दाट कुठे, ते मी पाहिलं. मध, घुटी, वरचं पाणी, काजळ. मग हळूहळू बाहेर आलं: जन्मल्या जन्मल्या मध-सोनं चाटवायचं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. "छापलेलं दाखवलं की त्यांना बोलताच येणार नाही," माधवी म्हणाली.

मधाबद्दल तिचं म्हणणं बरोबरच होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. पण ज्या बाईनं त्याच मध-घुटीवर दोन मुलं वाढवली, तिच्यापुढे पुस्तक उघडून धरलं की तिला ते लागतं, आणि हट्ट वाढतो.

म्हणून मी सुचवलं की पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या आणि मधाचं डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. घरी हा विषय मुलानं काढायचा, सुनेनं नाही. आणि सासूबाईंना जे येतं ते त्यांच्याकडून शिकून घ्यायचं.

त्यानंतर त्या माझ्याकडेही आल्या. पाय लांब करून, उशी पायांवर घेऊन त्यांनी न्हाऊ कसं घालायचं ते दाखवलं: एका हाताचा मानेला आधार, डोक्यावरून पाणी घेताना कपाळावर आडवा तळहात, म्हणजे नाकातोंडात जात नाही. माधवी वाकून बघत होती. हे कुठल्याही पुस्तकातून इतकं नीट कळलं नसतं.

वाचायची आवड असेल तर एखादं पुस्तक जरूर वाचा. पण आधी माहीत हवं ते एका कागदावर मावतं. सुरुवातीला 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजणं होतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान 6 लंगोट ओले व्हायला हवेत. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. ताप 38 अंश सेल्सियस किंवा जास्त, दूध ओढत नाही, फार मलूल आहे, श्वास जोरात चालतोय, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर. बाळंतपण गावी असेल तर आशाताई 42 दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना मोकळेपणानं विचारा.

बाळंतपणानंतर माधवीचा फोन आला. मधाचा प्रश्न मिटला होता, पण संध्याकाळ झाली की तिला रडू येत होतं. पहिल्या आठवड्यात असं खूप जणींना होतं. रात्री पाजून झालं की ढेकर काढणं नवऱ्याकडे आणि पहाटेचं बाळ सासूबाईंकडे, असं आम्ही फोनवरच ठरवलं. दोन आठवड्यांनंतरही मन उतरलेलंच राहिलं, किंवा बाळाला वा स्वतःला इजा करण्याचे विचार कधीही आले, तर वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं, हेही नवऱ्याला बजावलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही त्याला लिहून घ्यायला लावला. तिथे दिवसरात्र मोफत बोलता येतं.